उलटा सिलिंडर

सुरतच्या नकाशावर कतारगाम उत्तरेला, तापीच्या वळणाजवळ. भेस्तान दक्षिणेला, उधना ओलांडून मुंबईच्या रेल्वेमार्गावर. कतारगाम म्हणजे हिऱ्यांचे कारखाने, भरतकामाची यंत्रं आणि उंधियूत पडणारी नावाजलेली पापडी. पापडीचं नाव टिकलं, तिची शेतं बहुतेक इमारतींखाली गेली. भेस्तानला नवीन फ्लोरिनचा कारखाना आहे, मफतलालांनी १९६७ साली सुरू केलेला. फ्रिज आणि एसीत खेळणारा गॅस या देशात ज्या मोजक्या ठिकाणी तयार होत आला, त्यांतलं हे एक. ‘मॅफ्रॉन’ हे त्याचं नाव जुन्या मेकॅनिकांना पाठ आहे.

म्हणजे एकाच शहराच्या एका टोकाला गॅस तयार होतो आणि दुसऱ्या टोकाला तो भिंतींवर टांगलेल्या यंत्रांत फिरतो, गळतो, पुन्हा भरला जातो. पृथ्वी कमी तापवणारे गॅस आणि त्यांची मिश्रणं शोधण्याचं काम गेली पंधरा-वीस वर्षं जगभर जोरात चाललं आहे. त्यावर लिहिलं जातं ते बहुधा पहिल्या टोकाबद्दल: प्रयोगशाळा, पेटंटं, आंतरराष्ट्रीय करार. दुसऱ्या टोकाकडे फारसं कुणी बघत नाही. माझ्या मते या सगळ्या संशोधनाचं खरंखोटं तिथेच ठरतं, म्हणून आधी तिथूनच जाऊ.

कतारगामातल्या एका भरतकामवाल्याच्या ऑफिसात मे महिन्यातल्या दुपारी एसीचं काम चाललं होतं. शेठ गुजरातीत म्हणाले, “गॅस खलास थई गयो छे, भरी दो.” मेकॅनिक शहाद्याकडचा. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली जी लाखो माणसं राहतात, त्यांच्यातला एक. शेठशी तो गुजराती बोलत होता, माझ्याशी मराठी. बाहेरच्या युनिटच्या नटाला साबणाचा फेस लावत तो मला म्हणाला, “भाऊ, गॅस काय पेट्रोल आहे का संपायला? कुठंतरी गळतोय, त्याशिवाय कमी होत नाही.” फेसात बारीक बुडबुडे उठले. तांब्याच्या नळीची फ्लेअर, म्हणजे तिचं पसरट केलेलं तोंड, नीट बसली नव्हती.

त्यानं ती कापून नवी केली, नट आवळला, व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढली. मग गॅसचा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला, पण उलटा. सिलिंडरवर आर-४१०ए लिहिलेलं होतं. उलटा का, असं विचारल्यावर म्हणाला, “यात दोन गॅस आहेत. सरळ धरला तर वरून वाफ येते, आणि हलका गॅस आधी निघून जातो. उलटा धरला की पातळ माल येतो, दोन्ही बरोबरीनं.” हे त्याला कोण्या अभ्यासक्रमात नाही, उस्तादानं शिकवलं होतं. मिश्रणांचं अर्धं शास्त्र या एका कृतीत आहे.

आणखी एक गोष्ट मी पाहिली. दुरुस्तीआधी यंत्रात जो गॅस उरला होता, तो त्यानं नळी सैल करून हवेत सोडून दिला. फुस्स आवाज झाला, थोडा वेळ धुकं दिसलं, संपलं. उरलेला गॅस परत सिलिंडरात ओढून घेणारं यंत्र मिळतं. त्याच्याकडे ते नव्हतं. त्याच्या दुकानाच्या कमाईत ते बसणारंही नव्हतं. समजा अर्धा किलो गॅस गेला असेल, तर आर-४१०एच्या हिशोबानं तो एक टनाहून थोड्या जास्त कार्बन डायऑक्साइडइतका. मोटारसायकलीत साडेचारशे लिटर पेट्रोल जाळल्यावर एवढा धूर निघतो. इथे तो काही सेकंदांत गेला, आणि त्यात कुणाची लबाडी नव्हती; काम करण्याची रीतच ती होती.

हा हिशोब करण्याची पद्धत अशी: एक किलो कार्बन डायऑक्साइड शंभर वर्षांत जेवढी उष्णता अडवतो, त्याला एक धरायचं. मग दुसरा वायू त्याच्या किती पट अडवतो तो त्याचा आकडा, म्हणजे तापवाढ क्षमता. जुन्या फ्रिजांतला आर-१२ : १०,९००. खिडकीतल्या एसींचा आर-२२ : १,८१०. मोटारींतला आणि पुढच्या काळातल्या फ्रिजांतला आर-१३४ए : १,४३०. आर-४१०ए : २,०८८. सध्या दुकानात मिळणाऱ्या बहुतेक नव्या एसींत असतो तो आर-३२ : ६७५. प्रोपेन, म्हणजे आर-२९० : सुमारे ३. अमोनियाचा शून्य. कतारगामाला लागून सुमुल डेअरीचा रस्ता आहे. दूध संघांच्या मोठ्या शीतगृहांत अमोनियाच चालतो, आणि फार जुन्या काळापासून. पण तो विषारी असल्यामुळे झोपायच्या खोलीत टांगता येत नाही.

गॅस गळतो, हे या विषयाचं मूळ आहे, आणि त्याच्याशी एका भारतीय शास्त्रज्ञाचं आयुष्य जोडलेलं आहे. वीरभद्रन रामनाथन यांनी इंजिनिअर झाल्यावर पहिली नोकरी सिकंदराबादच्या एका फ्रिजच्या कंपनीत केली. काम होतं यंत्रांतून गॅस का निसटतो ते शोधण्याचं. पुढे ते बंगळूरच्या विज्ञानसंस्थेतून अमेरिकेला गेले, आणि १९७५ मध्ये त्यांनीच दाखवून दिलं की हे निसटलेले क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, हवेत नुसते पडून राहत नाहीत; त्यांचा एकेक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या रेणूपेक्षा दहा हजार पटींच्या घरात उष्णता धरून ठेवतो. त्याच्या आदल्या वर्षी मोलिना आणि रोलंड यांनी याच वायूंमुळे ओझोनचा थर विरतो असं मांडलं होतं. जगानं ओझोनचं मनावर घेतलं. १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलचा करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला, आणि ऑगस्ट २००८ पासून आपण सीएफसीचं उत्पादन थांबवलं, करारातल्या मुदतीआधी. रामनाथन यांचं म्हणणं मात्र करारात उतरायला १९७५ पासून थेट २०१६ उजाडलं.

मधल्या काळात जे झालं ते असं. ओझोन खाणारा क्लोरिन काढला आणि त्याच्या जागी हायड्रोजन बसवला, तर एचएफसी नावाचं कुटुंब मिळतं. ओझोनला त्यांचा त्रास नाही. पण कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध नेमक्या त्याच लहरी शोषतो ज्या वाटेनं पृथ्वी आपली उष्णता अवकाशात टाकते, आठ ते बारा मायक्रॉनच्या पट्ट्यात. म्हणजे भोक बुजवता बुजवता आपण पांघरूण जाड करत गेलो. भेस्तानसारख्या कारखान्यांत आणखी एक भर पडत होती: आर-२२ बनवताना थोडा एचएफसी-२३ आपोआप तयार होतो, आणि त्याचा आकडा १४,८०० आहे. क्योटो कराराच्या काळात तो जाळून टाकण्याच्या बदल्यात कार्बनचे पैसे मिळत. गुजरातच्या कारखान्यांनी ते मिळवले. या व्यवस्थेवर जगभर टीका झाली आणि ती योग्यच होती, कारण कचरा जाळण्याचे पैसे मूळ मालापेक्षा जास्त मिळू लागले तर कचरा वाढवण्याचा मोह होतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये, माँट्रियलच्या करारात एचएफसीही आणणाऱ्या किगालीच्या बैठकीच्या तोंडावर, भारत सरकारनं उत्पादकांना हा वायू स्वखर्चानं जाळायला लावला. तो निर्णय चांगला होता आणि त्याचं जेवढं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही.

आता मिश्रणं. एकच शुद्ध वायू का नाही पुरत?

हवेत सोडल्यावर लवकर मोडून जाणारा रेणू हवा असेल, तर त्यात हवेतल्या हायड्रॉक्सिल मुक्तमूलकाला धरायला जागा हवी: हायड्रोजन तरी, नाहीतर कार्बन-कार्बन दुहेरी बंध तरी. पण ज्या जागी हायड्रॉक्सिल धरतो, तिथेच आगही धरते. फ्लोरिन वाढवावा तर आग लागत नाही, पण रेणू हवेत वर्षानुवर्षं टिकतो. आर-१२५ मुळीच पेटत नाही आणि सुमारे तीस वर्षं हवेत राहतो. आर-३२ थोडा पेटतो, पाचेक वर्षांत मोडतो. आर-१२३४वायएफ या नव्या हायड्रोफ्लोरोओलेफिनचं आयुष्य जेमतेम अकरा-बारा दिवसांचं, आकडा ४ किंवा त्याहून कमी, पेटतो अगदी मंद. पण एका घनमीटर वाफेत तो उष्णता कमी वाहतो, म्हणून त्याच्या एकट्याच्या जोरावर एसी चालवायचा तर कॉम्प्रेसर खूप मोठा लागतो. शिवाय तो महाग.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या मार्क मॅकलिंडन आणि सहकाऱ्यांनी हा शोध शेवटपर्यंत नेला. रसायनांच्या एका प्रचंड संग्रहातले सहा कोटी रेणू त्यांनी संगणकावर चाळले: उत्कलनबिंदू, विषारीपणा, टिकाऊपणा, पेट घेणं, तापवाढ. २०१७ मध्ये निष्कर्ष छापला. एसीच्या कामाचे उरले ते सत्तावीस, आणि त्यांतलाही एकही सर्व बाजूंनी निर्दोष नाही. लपून राहिलेला, सगळ्यांना सोडवणारा एखादा गॅस कुठेतरी सापडेल ही आशा त्या दिवशी संपली, असं मी मानतो. उरला तो मिश्रणांचा मार्ग: कुणाची आग कुणी दाबायची, कुणाचा आकडा कुणी उतरवायचा, कुणाची ताकद कुणी भरून काढायची.

आकडेमोड वजनाच्या प्रमाणात सोपी आहे. आर-४५४बी घ्या, अमेरिकेत आर-४१०एच्या जागी आलेलं मिश्रण. त्यात ६८.९ टक्के आर-३२ आणि ३१.१ टक्के आर-१२३४वायएफ. पहिल्याचे ०.६८९ गुणिले ६७५ म्हणजे ४६५, दुसऱ्याचा एक, एकूण ४६६. जुन्याच्या पाव हिश्शाहून कमी. आर-५१३ए : ५६ भाग १२३४वायएफ, ४४ भाग १३४ए, आकडा ६३१, आणि पेटत नाही, कारण १३४ए मुद्दाम तेवढाच ठेवला आहे. दुकानांतल्या शीतपेट्यांचा आर-४०४ए हा ३,९२२ चा. त्याच्या जागी बसवलेल्या आर-४४८ए मध्ये पाच वायू आहेत आणि आकडा जातो १,४०० च्या आसपास. आगीला अडवायला आयोडीन असलेला एक रेणू घालून आर-४६६ए नावाचं मिश्रणही निघालं, आकडा ७३३, पेटत नाही. पण तो रेणू यंत्राच्या आतल्या धातूंबरोबर आणि तेलाबरोबर वर्षानुवर्षं कसा टिकेल, हा प्रश्न सुटेना.

या यादीत एक गोष्ट स्पष्ट दिसते. एसीच्या ताकदीचं न पेटणारं मिश्रण हवं म्हटलं की आकडा सहाशेच्या खाली उतरायला फार कुरकुरतो. आकडा दीडशेखाली हवा म्हटलं की मिश्रण बहुधा थोडं तरी पेटतंच. या दोहोंमधून सोपी सुटका कुणाकडे नाही, ना अमेरिकी कंपन्यांकडे ना आपल्याकडे.

मिश्रण करण्याची विद्या आपल्याकडे परकी नाही. आयआयटी मुंबईत के. जी. नारायणखेडकर आणि मिलिंद अत्रे यांनी नायट्रोजन आणि हायड्रोकार्बनांची मिश्रणं वापरून शून्याखाली दीडशे अंशांपलीकडचा थंडावा साध्या कॉम्प्रेसरवर मिळवण्याचं काम केलं आहे. पेटणारी आणि न पेटणारी, दोन्ही प्रकारची मिश्रणं त्यांनी तपासली. तो प्रश्न वेगळा होता, पण घटकांची प्रमाणं बसवण्याचं कौशल्य तेच. २०२२ मध्ये पर्यावरण मंत्रालयानं आठ आयआयटींना कमी तापवाढीची रसायनं आणि त्यांची मिश्रणं शोधण्याच्या कामात घेतलं, त्यांत मुंबई आहे. हे काम दहा वर्षं आधी सुरू व्हायला हवं होतं. कारण नावाजलेल्या बहुतेक मिश्रणांवर आणि ती वापरण्याच्या पद्धतींवर तोवर परदेशी कंपन्यांची पेटंटं बसली होती.

पुन्हा त्या उलट्या सिलिंडरकडे. मिश्रणातले घटक एकाच तापमानाला उकळत नाहीत. आर-४१०ए मध्ये आर-३२ उणे ५१.७ अंशांना उकळतो, आर-१२५ उणे ४८ ला; फरक थोडा, म्हणून ते जवळजवळ एकजीव वागतं. आर-४०७सी मध्ये तिसरा घटक आर-१३४ए, तो उणे २६ ला उकळतो. असं मिश्रण उकळताना तापमान एका जागी थांबत नाही, पाच-सात अंशांनी सरकत जातं. चांगल्या इंजिनिअरला या सरकण्याचा फायदा करून घेता येतो: हवा आणि गॅस समोरासमोरून जातील अशी कॉइल बांधली तर उलट वीज वाचते. वाईट यंत्रात तेच सरकणं तोट्याचं ठरतं. आणि गळती झाली की हलका घटक आधी निसटतो, जड मागे राहतो. वरून पुन्हा तेच मिश्रण भरलं तर आतलं प्रमाण मूळचं राहत नाही. दोन-तीन वेळा असं झालं की सिलिंडरवर छापलेला आकडा, कार्यक्षमता आणि आग न लागण्याची हमी, तिन्ही कागदावरच राहतात. घटक जितके जास्त, उकळबिंदू जितके दूर, तितकं हे वाईट. म्हणून माझ्या मते भारतात घराघरांतल्या एसींसाठी चार-पाच घटकांची मिश्रणं आणू नयेत. प्रयोगशाळेत ती कितीही सुंदर वागोत. इथे ती ज्या हातांत पडणार आहेत, त्या हातांना आपण वजनकाटासुद्धा पुरवलेला नाही.

उष्णतेचीही गोष्ट आहे. युरोपात ३५ अंशांवर घेतलेल्या चाचण्या आपल्याकडे पुरत नाहीत. एका अरुंद शाफ्टमध्ये सात-आठ बाहेरची युनिटं एकमेकांच्या तोंडावर गरम हवा टाकत असतात. आत गॅस साठ अंशांच्या आसपास द्रवायला बघतो. आर-४१०एचा क्रांतिक बिंदू सुमारे ७१ अंश. त्याच्या जितकं जवळ जावं तितका गॅस द्रवायला नाराज, आणि वीज जास्त. आर-३२ चा ७८. जुन्या आर-२२ चा ९६ आणि प्रोपेनचा ९७. आर-२२ आपल्या उन्हाळ्यात इतकी वर्षं निमूट चालला, त्याचं एक कारण हे. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं २०१५ मध्ये उष्ण देशांसाठी ५२ आणि ५५ अंशांवर पर्यायी गॅस तपासले. आर-२२ च्या यंत्रात प्रोपेननं वीज वाचवली, थंडावा मात्र थोडा कमी दिला. मिश्रणांनी थंडावा राखायचा प्रयत्न केला तर वीज जास्त लागली.

प्रोपेनचा अलीकडचा इतिहास मिश्रणापासूनच सुरू होतो. १९९२-९३ मध्ये पूर्वीच्या पूर्व जर्मनीतला एक बुडत आलेला फ्रिज-कारखाना, डॉर्टमुंडचे दोन संशोधक आणि ग्रीनपीस यांनी मिळून प्रोपेन आणि आयसोब्युटेन यांच्या मिश्रणावर चालणारा फ्रिज बनवला. मोठ्या कंपन्यांनी आधी तो धोकादायक ठरवला आणि मग स्वतःही त्याच वाटेनं गेल्या. मिश्रणाऐवजी निव्वळ आयसोब्युटेन घेऊन. त्या कल्पनेवर पेटंट घेतलं नव्हतं, हे तिच्या पसरण्याचं मोठं कारण. आज तुमच्या स्वयंपाकघरातला फ्रिज अलीकडचा असेल तर मागच्या पट्टीवर आर-६००ए लिहिलेलं सापडेल, तोच तो.

भारतात हे धाडस गोदरेजनं केलं. स्विस आणि जर्मन सहकार्यातून नव्वदच्या दशकात ‘इकोफ्रिज’ प्रकल्प झाला, या शतकाच्या सुरुवातीला गोदरेजचे फ्रिज हायड्रोकार्बनवर आले, आणि २०१२ मध्ये पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या शिरवळच्या कारखान्यातून, जर्मनीच्या जीआयझेड संस्थेच्या मदतीनं, प्रोपेनवर चालणारे एसी बाहेर पडले. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात बनलेला हा एसी त्या वेळी जगात फार थोड्यांनी बनवला होता. सोबत कंपनीनं तो बसवणाऱ्यांना वेगळं प्रशिक्षण दिलं, आणि मला त्या प्रयोगातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

भीतीचा हिशोब करून पाहू. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोली म्हणजे सुमारे २८ घनमीटर. एसीत ३०० ग्रॅम प्रोपेन. सगळा एका दमात खोलीत सुटला आणि सारखा पसरला तर घनमीटरला जेमतेम ११ ग्रॅम. पेट घ्यायला सुमारे ३८ लागतात. म्हणजे चौथ्या हिश्शाच्या थोडं वर. पण प्रोपेन हवेपेक्षा जड. तो सारखा पसरत नाही, जमिनीलगत साचतो, आणि खाली दिवा किंवा ठिणगी असेल तर हिशोब बदलतो. म्हणूनच मानकांत किती गॅस, किती मोठ्या खोलीला, किती उंचीवर, हे ठरवून दिलं आहे. ते पाळलं तर हा गॅस वापरण्याजोगा आहे. स्वयंपाकघरात आपण चौदा किलो असाच गॅस ठेवतो. मात्र तो सिलिंडर एसीत कधीही भरायचा नाही. त्यात गंधाचं रसायन, ओल आणि वाटेल त्या प्रमाणातलं ब्युटेन असतं. आणि आर-२२ साठी बांधलेल्या जुन्या यंत्रात प्रोपेन भरणं हाही गुन्हाच समजावा. त्या यंत्राचे स्विच आणि रिले ठिणगी उडवणारे असतात. एसी दुरुस्तीतले कित्येक स्फोट तर गॅसमुळे नव्हे, गळती तपासायला नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन भरल्यामुळे होतात. कॉम्प्रेसरातलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की काही विचारायला नको.

आकडा कमी झाला म्हणजे काम झालं, असंही नाही. दीड टनाचा एसी वर्षाला हजार युनिट वीज घेतो असं धरा. आपल्या ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे वर्षाला ७०० किलो. एक किलो आर-४१०ए पूर्ण गळाला तर तीन वर्षांच्या विजेइतकं नुकसान. ८०० ग्रॅम आर-३२ गळाला तर नऊ महिन्यांच्या. प्रोपेन गळाला तर अर्ध्या दिवसाच्या. आता उलटी बाजू: एखाद्या नव्या मिश्रणाचा आकडा अगदी दहा असला पण त्यानं वीज दहा टक्के जास्त खाल्ली, तर दहा वर्षांत ७०० किलो जास्तीचा धूर, आर-३२ पूर्ण गळण्यापेक्षाही जास्त. दुकानदार जाहिरातीत एकच आकडा सांगेल. दोन्ही विचारावे लागतात.

ओलेफिनांबद्दल एक काळजी खरी आहे. आर-१२३४वायएफ अकरा दिवसांत मोडतो, पण मोडून ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्ल बनतं आणि ते पावसाबरोबर खाली येतं. ते निसर्गात जवळजवळ मोडतच नाही. २०२३ मध्ये युरोपातल्या पाच देशांनी अशा चिवट फ्लोरिनयुक्त रसायनांवर सरसकट निर्बंध घालण्याचा प्रस्ताव मांडला, त्यात हे गॅसही येतात. क्लोरिन काढून एचएफसी आणले तेव्हा जी घाई झाली, तीच आता होऊ नये. म्हणून जिथे प्रोपेन, आयसोब्युटेन, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड बसतात तिथे ते आधी, आणि जिथे खरोखर बसत नाहीत तिथेच कृत्रिम मिश्रण, असा क्रम मला पटतो.

बाजार मात्र त्या क्रमानं चालत नाही, आणि त्याला कराराचीच रचना कारण आहे. किगालीत भारताला मिळालेलं वेळापत्रक असं: २०२४, २०२५ आणि २०२६ या तीन वर्षांतल्या एचएफसीची सरासरी, अधिक आर-२२ सारख्या एचसीएफसींच्या ठरलेल्या पातळीचा ६५ टक्के भाग, ही आधाररेषा. २०२८ ला गोठवायचं. २०३२ पर्यंत दहा टक्के कपात, २०३७ ला वीस, २०४२ ला तीस आणि २०४७ ला पंच्याऐंशी. म्हणजे या तीन वर्षांत जितकं जास्त बनेल, तितका पुढचा हिस्सा मोठा. २०२५ पासून नव्या यंत्रांत आर-२२ बंद झाला, आणि त्याची जागा घ्यायला देशभर आर-३२ ची क्षमता वाढली; सुरतमध्येही नवीन फ्लोरिननं वर्षाला साडेचार हजार टनांची भर घालायचं ठरवलं. त्याच कंपनीच्या दहेजच्या कारखान्यात हनीवेलबरोबरच्या करारातून ओलेफिन बनू लागले. आर-३२ आणि ओलेफिन, दोन्ही आज दक्षिण गुजरातच्या एकाच किनारपट्टीवर तयार होतात, ही गोष्ट लहान नाही. हिस्सा टनात नव्हे, कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत मोजला जातो. त्यामुळे कोटा आवळत जाईल तसे कमी आकड्याच्या मिश्रणाला भाव येईल. संशोधन तिथे आपोआप होईल, कारण त्यात पैसा आहे.

गळतीत पैसा नाही. तिथे कुणी आपोआप जाणार नाही. २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. पण एवढ्या मोठ्या देशात एक लाख म्हणजे सुरुवातच. आणि प्रमाणपत्र मिळालं तरी हातात गॅस परत ओढून घेणारं यंत्र येत नाही. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. त्या शाळांतून निघालेली खानदेशी मुलं याच धंद्यात शिरतात. त्यांना आयटीआयमधून मराठीत, गुजरातीत, हिंदीत हा अभ्यासक्रम मिळावा, आणि गॅस विकणाऱ्या कंपन्यांनी परत आणलेल्या गॅसचे किलोमागे पैसे द्यावेत. बाटली परत केल्यावर अनामत मिळते तशी ही सोपी व्यवस्था आहे. ती कायद्यानं लावता येईल, आणि २०२८ च्या आधी लावायला हवी.

तोवर वाचकांकडे मागणं एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात मेकॅनिक घरी आला आणि गॅस भरायला हवा म्हणाला, तर आधी गळती शोधून दाखवायला सांगा. आतला गॅस हवेत न सोडता सिलिंडरात ओढून घेणार का ते विचारा. नवा गॅस वजनावर मोजून, नाव वाचून भरायला लावा. यासाठी तो पाचशे रुपये जास्त मागेल. ते द्या, आणि बिलावर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहून घ्या.